खरखर नाही ना?

४ ऑक्टोबर, शनिवार

आज दोन शब्दांचे एक वाक्य बोलले — "खरखर नाही." व्याकरणदृष्ट्या निर्दोष. अक्षरशः खरेसुद्धा! आणि तरी ते दुपारपासून घशात काट्यासारखे रुतून बसले आहे.

झाले ते असे. नकाशेकाका आणि काकू त्यांची ती मोठी प्रवासी मोटरसायकल घेऊन बाबांच्या गॅरेजमध्ये आले. काकांचे खरे आडनाव मला ठाऊक नाही. आयुष्यभर जमिनी मोजण्याची नोकरी केली, आता निवृत्त झाले तरी खिशात घडी घातलेला नकाशा असतोच, म्हणून सगळे नकाशेकाका म्हणतात. सोमवारी दोघे निघणार. बावीस दिवस — डोंगर ओलांडून पलीकडे आणि परत. निघण्याआधी गाडी बाबांच्या हाताखालून गेली पाहिजे, हा त्यांचा नेम.

बाबांनी चेन ताणली, ब्रेक पाहिले, गाडी मधल्या स्टँडवर चढवली आणि मागचे चाक हाताने फिरवले. चाकाच्या मध्यात दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग असते. एकात एक अशा दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामध्ये गोळ्या. सगळे चाक त्या गोळ्यांवर फिरते. त्या झिजल्या की आधी आवाज येतो, मग चाक डगमगते, मग — पुढचे लिहायला नको.

बाबांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक चाकाच्या मध्यापाशी टेकवले आणि मूठ माझ्याकडे केली. "माझ्या हाताला तेल आहे. तू लाव कान."

मी लावला. चाक फिरत होते.

"खरखर नाही ना?" बाबांनी विचारले.

आवाज होता. कुणीतरी बंद ओठांनी गुणगुणावे तसा, खोल आणि एकसारखा. पण खरखर नव्हती. काकू हसत होत्या, नकाशेकाका सीटवर नकाशा पसरून कुठला तरी पूल दाखवत होते, आणि माझ्या डाव्या हातात पुस्तक होते, बोट पान एकशे बारामध्ये अडकवलेले.

"खरखर नाही," मी म्हणाले.

"बेअरिंग ठणठणीत!" बाबांनी जाहीर केले. नकाशेकाकांनी चेष्टेने विचारले, "मिस्तरी, हल्ली निदान कन्या करते वाटतं?" तर बाबा म्हणाले, "बोर्डात पहिली आलीय ती. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

मी पान एकशे बारा पुन्हा वाचायला घेतले. अजून तिथेच आहे.


५ ऑक्टोबर, रविवार

आईने सकाळी बर्फाचा कप्पा उघडला आणि ओरडलीच! मटारच्या पिशवीमागे बेअरिंगची दोन पाकिटे. "या घरात भाजीपेक्षा लोखंड जास्त! उद्या भातात नट सापडला तर मला बोलू नका." बेअरिंग गारठवले की केसभर आकसते आणि आपल्या जागी सहज बसते — हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकले आहे. कुठल्या तरी गाडीसाठी आणली असतील. बाबा वर्तमानपत्रातून डोके वर न काढता बसून राहिले. त्यांना ऐकू आले नसावे.

हे एकदा कागदावर लिहूनच टाकते. बाबांना ऐकू येत नाही. वर्ष होत आले. टेबलावर, त्यांच्या कोपरापाशी फोन वाजत होता आणि ते शांतपणे काड्यापेटीवरचे अक्षर वाचत होते, तेव्हा मला कळले. ते मात्र म्हणाले, "हल्ली फोनची घंटीच बारीक करतात." आईला वाटते, नवरे ऐकत नाहीत ते असेच. आमच्या घरात न बोललेल्या गोष्टी इस्त्री करून, घडी घालून कपाटात ठेवलेल्या असतात.

तेव्हापासून मी त्यांचा कान आहे. कुणी कुणाला तसे सांगितलेले नाही. गाडी आली की हाक येते — "जरा ये गं, माझ्या हाताला तेल आहे." मी कान लावते. ते विचारतात, "कसा आहे आवाज?" आणि मी शब्द शोधते. किरकिर, कुरकुर, टकटक, खडखड, घरघर, कुईकुई. आपल्या भाषेत आवाजांसाठी केवढे शब्द! बाबा म्हणतात, "तू शब्द सांग, मी रोग सांगतो." एकदाही चुकलेलो नाही आम्ही.

म्हणजे काल मला "गुणगुण आहे" एवढेच म्हणायचे होते.

का म्हटले नाही? लाजले, हे खरे. लोकांसमोर माझी जीभ टाळूला चिकटते. पण तेवढेच नाही. "गुणगुण" म्हटले असते तर चाक उतरले असते. सगळी दुपार गेली असती, मला तिथेच कान होऊन बसावे लागले असते. येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी कॉलेजात व्याख्यातापदाची मुलाखत आहे. मला वाचायचे होते. मला त्या क्षणी कुणाचाही कान व्हायचे नव्हते!

हे लिहिले, आणि अक्षर इतके सुबक आले की माझे मलाच ओशाळे वाटले.


६ ऑक्टोबर

गेले. सकाळी सहाला हवा भरायला थांबले. काकूंनी डोक्याला रुमाल बांधला होता, त्यावर हेल्मेट. मी पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या. "काही म्हणालीस का गं?" त्यांनी विचारले. माझे ओठ हलले असावेत.

"काही नाही, काकू."

हे वाक्य मात्र खोटे होते.


७ ऑक्टोबर, मंगळवार

शब्दकोश काढला. खरखर: कोरड्या, खडबडीत वस्तू एकमेकींवर घासल्याचा आवाज. गुणगुण: अस्पष्ट, मंद, अनुनासिक आवाज. दोन वेगळ्या नोंदी, मध्ये कितीतरी पाने. कोशकार माझ्या बाजूने आहेत!

वकील होता आले असते मला.

दुसरे काही आठवले ते लिहून ठेवते. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंच्या गाडीचे बेअरिंग बाबांनी बदलले आणि ते आठव्या दिवशी जाम होऊन परत आले. "मालच खराब," बाबा म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी मालाला नावे ठेवलेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी मी वाचनालयात होते. त्यांनी ते एकट्याने बसवले होते.


९ ऑक्टोबर, गुरुवार

बाबांच्या फोनवर काकूंचा निरोप आला; त्यावरचे निरोप मीच बघते, हे त्यांना ठाऊक आहे. लिहिलेला नाही, बोललेला. बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. "हाताला तेल आहे. ऐकून सांग."

काकूंचा आवाज, मागे वारा: "अगं, बाबांना सांग, आम्ही मजेत आहोत. तळ्याकाठी दोन दिवस थांबलोय. फक्त ते मागून कसलंसं घोंघावतंय गं. वेग वाढवला की जास्त. हे म्हणतात, तुझे कान वाजतात. बाबांना विचारून ठेव हं."

मी बाबांना अक्षरन् अक्षर सांगितले, मोठ्याने, त्यांच्या तोंडासमोर उभी राहून. त्यांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "त्या दिवशी तू ऐकलं होतंस. खरखर नव्हती."

"नव्हती."

"मग चेन असेल. चेनला तेल द्या म्हणावं."

तसे मीच लिहून पाठवले, अनुस्वार वगैरे नीट देऊन. शनिवारी मी नुसती गप्प बसले होते. आज माझ्या बोटांनी लिहिले.

किती विश्वास आहे त्यांचा माझ्यावर! ओरडले असते तर बरे वाटले असते. जेवताना त्यांनी ताट अर्धे टाकले. आईने विचारले, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही." आमच्या घराण्याचे हे पेटंट उत्तर आहे.


१० ऑक्टोबर

पान एकशे बारा.


११ ऑक्टोबर, शनिवार

आज काकूंनी बोलणे नाही, आवाजच पाठवला. चालत्या गाडीवर मागे वाकून, फोन चाकाच्या दिशेला धरून! "आता तूच ऐक, म्हणजे मी वेडी नाही हे कळेल," एवढे म्हणून पुढे अर्धा मिनिट नुसते चाक.

खरखर.

निखालस, कोशातली, कोरडी खरखर. माझे वाक्य आता खोटे झाले. सात दिवस लागले त्याला.

निरोपाच्या शेवटी त्या म्हणतात, "उद्या पायथ्याला विश्रांती, परवा सकाळी घाट."

बाबा माझ्याकडे पाठ करून पकडीत काहीतरी घासत होते. "काय म्हणतात?" त्यांनी विचारले. मी मोठ्याने म्हणाले, "उद्या विश्रांती आहे, परवा घाट." मग माझ्या नेहमीच्या आवाजात — ज्या आवाजाला वर्गात बाई म्हणायच्या, 'जरा आमच्यापर्यंत येऊ दे' — त्या आवाजात म्हणाले, "बाबा, गेल्या शनिवारी मला गुणगुण ऐकू आली होती. मी सांगितलं नाही. आता खरखर आहे."

"हं," बाबा म्हणाले. घासत राहिले. "चहा टाकतेस का?"

मी चहा टाकला.

मी सांगितले. ते "हं" म्हणाले. दोन्ही वाक्ये खरी. माझी सगळी वाक्ये खरीच असतात! या मुलीला पदक द्या.


१२ ऑक्टोबर, रविवार. बसमध्ये.

अक्षर हलते आहे, हलू दे.

पहाटे उठून चिठ्ठी लिहिली. पाच वेळा लिहिली. पहिल्या चार फार छान जमल्या होत्या, म्हणून फाडल्या. पाचवी अशी:

"गाडी तपासली त्या शनिवारी मागच्या चाकात आवाज होता. गुणगुण. मी सांगितले नाही. काल काकूंनी पाठवलेल्या आवाजात खरखर आहे. उद्या ते घाट चढणार."

बाबा दाढी करत होते. आरशासमोर चिठ्ठी धरली. त्यांनी तोंड पुसले, चष्मा लावला, वाचली. पुन्हा वाचली. गालावर फेस तसाच. मला वाटले, आता विचारतील — का? त्यांनी विचारले नाही. चिठ्ठीची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि फोन माझ्या हातात दिला.

"तू बोल."

तेलाचे नाव नाही. हात स्वच्छ होते, धुतलेले, पांढरे.

तीनदा लागला नाही. घाटाच्या पायथ्याला कुठला आलाय नीट सिग्नल! चौथ्यांदा नकाशेकाकांनी उचलला. मी फोनवर परक्यांशी बोलत नाही. दुकानातून वही मागवायची असली तरी आईला पुढे करते. आज म्हणाले, "काका, गाडीवर बसू नका. दोघंही. चाक हलवूसुद्धा नका."

"अगं पण आम्ही आत्ताच निघायच्या बेतात होतो! हवा छान आहे, म्हटलं घाट आजच —"

"बसू नका!"

मग त्यांचाच आवाज, थोडा दूर: "मिस्तरींची मुलगी. ओरडतेय." आणि काकूंचा, आणखी दुरून: "ती? ओरडतेय? मग मी खाली उतरते."

त्या खाली उतरल्या. काकू चढून बसल्या होत्या, म्हणजे. सामान बांधून झाले होते. घाट आजच! मी कालच्या चहात साखर ढवळत होते आणि इकडे —

तिथला एकुलता एक कारागीर ट्रॅक्टर दुरुस्त करतो, या मापाचे बेअरिंग त्याने पाहिलेलेही नाही. बाबांनी माझ्या वहीच्या कोपऱ्यावर लिहिले: आपण जाऊ. फ्रीजमधली ती दोन पाकिटे काढून बर्फाबरोबर थर्मासमध्ये भरली. आई म्हणाली, "गेलं एकदाचं लोखंड!" आणि मग आमचे चेहरे पाहून डबा भरायला लागली.

नऊ तासांचा रस्ता. त्यांनी तो सहा दिवसांत रमतगमत कापला. बाबा खिडकीशी बसले आहेत. माझ्याशी एक शब्द नाही. हात मधूनमधून खिशाकडे जातो, जिथे चिठ्ठी आहे.


१३ ऑक्टोबर, सोमवार

सगळे क्रमाने लिहीन, नाहीतर मनात उलटसुलट होईल.

सकाळी सातला लॉजच्या मागच्या अंगणात. बाबांनी हत्यारे फडक्यावर मांडली. नकाशेकाका डोक्यावर छत्रीसारखे उभे. काकू पायरीवर, पायात जाड बूट, मांडीवर हेल्मेट — म्हणजे अजूनही निघायच्या तयारीत. बसमध्ये मी वाक्य पाठ केले होते. ते म्हणून टाकले.

"काकू, त्या शनिवारी मला आवाज आला होता. मी बोलले नाही."

काकू बघत राहिल्या. "मग का नाही बोललीस?"

पुस्तक, लाज, कंटाळा. यातले काहीच तोंडातून बाहेर काढण्यासारखे नव्हते.

"अगं, आठवडाभर मी मागे बसून विचार करतेय, मलाच भ्रम होतोय का. हे म्हणायचे, कान वाजतात. मी कानात तेल घातलं, माहितीये? कोमट करून! रोज दोन थेंब!"

लोक कानात तेल घालून ऐकतात असे आपण म्हणतो. या बाईने खरोखरच घातले होते. आणि मी, जिच्या कानात काही दोष नाही —

नकाशेकाका म्हणाले, "पण मिस्तरी, तुम्ही स्वतः कसं नाही —" बाबांनी त्यांच्या ओठांवरून ओळखले असावे. पाना खाली ठेवला.

"मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. पोरगी ऐकते माझ्यासाठी."

एवढेच. जणू पाना कितीचा ते सांगत आहेत.

नकाशेकाका एकदम कपाळावर हात मारून म्हणाले, "म्हणून तुम्ही माझ्या विनोदांना हसत नाही होय!"

"ज्यांना ऐकू येतं ते तरी कुठे हसतात?" काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "चाक लावा आधी. बाकीचं नंतर बघू."

चाक उतरवले. बाबांनी मला खूण केली — आतल्या कडीत बोट घाल, फिरवून बघ. चांगल्या बेअरिंगची कडी लोण्यासारखी फिरते. मी बोट घातले तर कडी बोटाबरोबर बाहेरच आली! मागोमाग गोळ्या, तांबड्या चिखलात लडबडलेल्या, माझ्या ओंजळीत. काही सपाट झालेल्या. नकाशेकाकांनी ते पाहिले आणि हळूच पायरीवर काकूंच्या शेजारी जाऊन बसले.

"आत पाणी गेलंय," बाबा म्हणाले. "धुता कशी गाडी?"

"दर रविवारी आंघोळ घालतो की! फवाऱ्याने, अगदी कानाकोपऱ्यात —"

"चाकाच्या मध्यात फवारा मारायचा नसतो हो. सील पाणी थोपवतं, पण तेवढा मारा नाही सोसत."

म्हणजे बेअरिंग माझ्यामुळे गेले नव्हते. क्षणभर हलके वाटले, आणि त्या हलकेपणाचीच लाज वाटली. गेले कशानेही असो. कळले मला होते.

बाहेरची कडी आतच चिकटून राहिली होती. लॉजवाल्याने दोन किटल्या उकळते पाणी आणून दिले, ते चाकाच्या मध्यावर ओतले, धातू तापून फुगला. मग पलीकडून लांब दांडी घालून बाबांनी कडीच्या मागे ठोकले — एका जागी नाही, घड्याळाच्या काट्यासारखे फिरत फिरत. निघाली. दुसऱ्या बाजूचे बेअरिंग अख्खे निघाले, पण फिरवले तर तेही कण्हत होते. आत साफ केले, पुसले, ग्रीसचे बोट फिरवले.

थर्मास उघडला. पहिले बेअरिंग बर्फासारखे. त्यावर बाबांनी बरोबर त्याच्या बाहेरच्या कडीएवढी गोटी ठेवली. आमच्याकडे गोटी म्हणजे नळीसारखा पोकळ पाना. ठोका बाहेरच्या कडीवरच पडला पाहिजे. आतल्या कडीवर पडला तर नव्या बेअरिंगचे पहिल्याच दिवशी तेरावे. बाबा ठोकू लागले.

ठण्. ठण्. ठण्. ठक्.

"बसलं!" मी म्हणाले. बेअरिंग तळाला टेकले की हातोडीचा आवाज बदलतो, ठण्‌चा ठक् होतो. मला हे ठाऊक होते, पण आजवर कधी महत्त्वाचे वाटले नव्हते. बाबांनी तळवा चाकावर ठेवला, माझ्याकडे पाहिले, मान हलवली.

मग दोन बेअरिंगांच्या मध्ये बसणारी नळी आणि पलीकडून दुसरे बेअरिंग. हे अवघड. हे तळापर्यंत ठोकायचे नसते. त्याची आतली कडी नळीला नुसती टेकायला हवी. एक ठोका जास्त पडला की कडी नळीवर दाबली जाते, गोळ्या आवळतात, आणि बेअरिंग आठ दिवसांत जाम. आठ दिवसांत! डॉक्टरीणबाईंची गाडी! मी बाबांच्या हातांकडे पाहिले. हातोडीची मूठ त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटे पांढरी पडली होती. माल खराब नव्हता. त्या दिवशी हा ठक् त्यांना सांगायला कुणी नव्हते.

ठण्. ठण्. ठण्. ठण्.

ठक्.

हातोडी पुन्हा वर गेली.

"बाबा, थांबा!"

भिंतीवरची कबुतरे उडाली. लॉजवाला किटलीसकट बाहेर आला. हातोडी हवेतच. हा आवाज माझा होता, हे कळायला मलाच वेळ लागला. बाबांनी ऐकला! की माझे तोंड पाहिले? काही असो. थांबले. मी बोट घालून कडी फिरवली. लोणी.

चाक चढले, फिरले. बाबांनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ माझ्याकडे केली. "कसा आहे आवाज?"

मी बराच वेळ ऐकले.

"याला शब्द नाही, बाबा."


१४ ऑक्टोबर, मंगळवार

ते घाटाने वर गेले, आम्ही बसने खाली आलो. निघताना काकू माझ्याजवळ आल्या. मला वाटले, पाठीवर हात ठेवतील. ठेवला नाही. म्हणाल्या, "पुढच्या वेळी नेमका शब्द सापडेपर्यंत थांबू नकोस. नुसतं 'ऊं' म्हणालीस तरी पुरे." मग हेल्मेट चढवले आणि आतून आणखी काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आले नाही. विचारायला हवे होते.

बाबा अजून गप्पच. रागावले असतील तर त्यांचा हक्क आहे. पण हा राग मला ओळखीचा वाटत नाही. रागावले की ते पाने आपटतात. कालपासून सगळी हत्यारे इतकी हळू ठेवत आहेत!


१६ ऑक्टोबर, गुरुवार

मुलाखत झाली. नखांत अजून ग्रीस होते. पाच माणसे, लांब टेबल. मधल्या बाई म्हणाल्या, "एवढ्या मोठ्यानं बोलायची गरज नाही हो, आम्हाला ऐकू येतंय."


१७ ऑक्टोबर

बाबा कान तपासून आले. एकटे गेले, आईला सांगून गेले. डावा जवळजवळ गेला आहे, उजव्याला यंत्र लागेल. आई रडली, मग म्हणाली, "म्हणजे वर्षभर मी जे जे बोलले ते सगळं फुकट?" बाबा हसले. माझ्याकडे मात्र अजून सरळ बघत नाहीत.


१८ ऑक्टोबर, शनिवार

पुस्तक उघडले. पान एकशे बारावर माझी चिठ्ठी होती, घडी घातलेली. तेलाचे बोट उमटलेले. मागच्या बाजूला पेन्सिलीने बाबांचे अक्षर. जसेच्या तसे उतरवते, ऱ्हस्व-दीर्घासकट:

"रोज मी विचारतो कसा आहे आवाज. त्या दिवशी मूद्दाम खरखर विचारली. चाक फिरवतानाच हाताला कळलं होतं. नविन बेअरिंग त्याच दिवशी आणली पन डॉक्टरिनबाईंच्या गाडीनंतर ठोकायचा धिर झाला नाही. खरखर नसेल तर तू आहे म्हणनार नाहिस हे मला ठाउक होतं, तू शाळेपासून तशीच आहेस. तू खोटं बोलली नाहिस. खोटं मी विचारलं होतं."